मारुती ८०० ची ऑइल गळती : गिअरबॉक्स उतरवण्याआधी केलेला तपास

पार्श्वभूमी

गाडी १९९८ ची मारुती ८००. एमएच-१९ पासिंग, कार्ब्युरेटर मॉडेल, एफ८बी इंजिन : ७९६ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग बेल्ट. मालकांचं अमळनेर तालुक्यात कृषी केंद्र आहे. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात, इथेही आबाच म्हणतो. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत, गाडीचे बदललेले नाहीत. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो. आबांचा पुतण्या माझा विद्यार्थी, त्याच्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं.

गाडीचं रोजचं काम घर ते दुकान आणि दुकान ते शेत. दोन-तीन किलोमीटर चालायचं, तासभर उभं राहायचं, पुन्हा दोन-तीन किलोमीटर. महिन्यातून एखाद-दोन वेळा धुळे नाहीतर जळगाव. बाहेरून पाहणाऱ्याला हा वापर सौम्य वाटतो, पण इंजिनाला तो सोसत नाही. इंजिन पुरतं तापण्याआधीच बंद होत राहिलं की आत साचलेली वाफ उडून जात नाही, ऑइलमध्ये मिसळते आणि तिचा चिकट गाळ होतो. हा गाळ या प्रकरणात पुढे येणार आहे.

आबांचा गाडीवर जीव. पहिली गाडी, वडिलांनी दोन हंगामांच्या कापसाच्या पैशातून घेतलेली. २०१३, २०१८ आणि २०२३ असं तीनदा नोंदणीचं नूतनीकरण करून त्यांनी ती ठेवली आहे. तेव्हा ‘विकून टाका’ हा सल्ला इथे कुणी मनापासून दिलाच नाही.

अडचण

हिवाळ्यात पोर्चच्या शहाबादी फरशीवर पहिला डाग दिसला. आधी रुपयाएवढा, मग बशीएवढा. आबांनी केळीच्या खोक्याचा पुठ्ठा खाली सरकवून ठेवला. जानेवारी संपेपर्यंत पुठ्ठा मधोमध काळा झाला, आणि दर पंधरवड्याला डिपस्टिक पाहून पाव लिटरच्या आसपास ऑइल टाकायची वेळ येऊ लागली.

जमिनीवरचा डाग डोळ्यांना फसवतो. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. मिनिटाला एक थेंब पडत राहिला तरी चोवीस तासांत १,४४० थेंब, म्हणजे ७२ मिलिलिटर. फरशीवर तेवढं पसरलं तर घरातलं माणूस घाबरून जातं. पण या इंजिनात एकूण ऑइलच सुमारे तीन लिटर बसतं, त्यामुळे पंधरवड्याला पाव लिटर जाणं हे दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. डागावरून अंदाज बांधण्यापेक्षा डिपस्टिकवर विश्वास ठेवावा, आणि किती ऑइल टाकलं ते तारखेसह लिहून ठेवावं. आबांनी ते दुकानाच्या उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं होतं. पुढे त्या पानाचा फार उपयोग झाला.

गाडी माझ्यापर्यंत येण्याआधी दोन उपाय होऊन गेले होते. पहिला म्हणजे टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, बोल्ट आवळणे. एकदा आवळले, थोडं थांबलं, पुन्हा गळू लागलं, पुन्हा आवळले. दुसरा उपाय चेंबरच्या (इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या टाकीच्या) कडेने बाहेरून सिलिकॉन लेपाचा, म्हणजे अ‍ॅनाबॉन्डचा जाड थर. ऑइल त्या थराला वळसा घालून थोडं पुढे जाऊन पडू लागलं, एवढाच फरक.

तिसऱ्या वेळी मिस्तरींनी गाडी खड्ड्यावर घेतली, खालून बॅटरी मारली आणि इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडाखाली लोंबणारा थेंब दाखवला. निदान झालं : क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं. काम सांगितलं ते असं : गिअरबॉक्स खाली घ्यायचा, क्लच आणि फ्लायव्हील काढायचं, सील बदलायचं, ‘आता उघडलंच आहे तर’ क्लच सेटही नवा टाकायचा. खर्च सात हजारांच्या आसपास, गाडी तीन-चार दिवस उभी.

हे निदान मूर्खपणाचं नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. मागचं सील गेलं की ऑइल बरोबर तिथूनच टपकतं. पण त्याच जागी ऑइल पोहोचवणाऱ्या आणखी चार वाटा आहेत, आणि खड्ड्यात उभ्या माणसाला त्यातली एकही दिसत नाही.

समोरचे पर्याय

आबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, “सर, आखाजी तोंडावर आली. लेक शहाद्याहून आणायची. गाडी उघडायची की नाही ते सांगा.”

खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते, झोका बांधला जातो, आणि तिला आणायला घरची गाडी जाणं याला मोल असतं. त्यामुळे वेळ हाही या निर्णयातला एक खर्च होता.

ऑइल टाकत राहायचं आणि गळू द्यायचं, हा मार्ग पुष्कळ जण धरतात. गळती मंद असेल, एक्झॉस्टपासून लांब असेल आणि डिपस्टिक नियमाने पाहिली जात असेल, तर काही काळ तो चालतोही. इथे गळती वाढत होती, आणि कारण माहीत नव्हतं. वाढणारी गळती कारण न शोधता पोसणं मला पटत नाही. ती उद्या कुठल्या सांध्यातून फुटेल ते सांगता येत नाही.

दुसरं, जाड ऑइल किंवा गळती थांबवणारं औषध. गाडीत २०डब्ल्यू-४० होतं. २०डब्ल्यू-५० टाकून बघा असं कुणीतरी सुचवलं होतं. टॅपेट कव्हरखाली ऑइल पंपाच्या दाबाने येऊन उभं राहत नाही, तिथे ते उडतं आणि ओघळतं. चिरलेल्या पॅकिंगमधून जाड ऑइलही बाहेर येतं, फक्त जरा सावकाश. औषधांचं काम रबर फुगवण्याचं. रबर नुसतं आक्रसलं असेल तर काही महिने आराम पडतो, वाळून तडकलं असेल तर काही होत नाही.

तिसरा पर्याय गिअरबॉक्सचा. सील खरंच गेलं असेल तर हाच एकमेव उपाय. गेलं नसेल तर सात हजार खर्चून गळती तशीच, आणि वर गिअरबॉक्सचे माऊंटिंग, अ‍ॅक्सल, केबल असं चांगलं चाललेलं सगळं हलवलेलं.

गाडी मोडीत देण्याचा विषय पुतण्याने काढला, कारण पुढचं नूतनीकरण २०२८ मध्ये आहे. त्या वेळी कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये होतं. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० झालं आहे. आबांनी हा विषय एका हाताने बाजूला सारला.

राहिला तो पर्याय बिनखर्चाचा पण धीर मागणारा : आधी उगम शोधायचा, मग पाना हातात घ्यायचा. माझं मत त्याच बाजूला होतं. गिअरबॉक्स उतरवणं हा शोधण्याचा मार्ग नाही, ते शोध पूर्ण झाल्यावरचं काम आहे.

तपास : आधी इंजिन धुतलं

पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या इंजिनावर ऑइल आणि धुळीचा थर असतो. आपल्याकडची काळी माती बारीक. उन्हाळ्यातल्या वावटळीत ती बोनेटखाली शिरते, ऑइलला चिकटते आणि थापलेल्या शेणासारखी बसते. त्या थरावर नवं ऑइल कुठून आलं ते कुणालाही ओळखता येणार नाही. जुन्या गाडीत गळतीचा तपास धुण्यापासूनच सुरू होतो.

इंजिन पूर्ण थंड असताना डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग, गॅरेजात ज्याला डेल्को म्हणतात), इग्निशन कॉइल आणि कार्ब्युरेटरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून घेतलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. डीग्रीझर मारून ब्रशने घासलं, कमी दाबाच्या पाण्याने धुतलं. प्रेशरचा फवारा टाळला, कारण तो जुन्या सीलच्या ओठाखाली आणि वायरींच्या कनेक्टरमध्ये पाणी घुसवतो. चेंबरवरचा अ‍ॅनाबॉन्डचा थर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढला. पुतण्याने दुपारभर हे काम केलं आणि शेवटी अ‍ॅल्युमिनिअमचा खरा रंग दिसला.

धुण्याआधी एक गोष्ट करून घेतली होती : पुठ्ठ्यावर पडणारा थेंब पांढऱ्या कागदावर घेतला. बेलहाऊसिंगखाली (क्लचवरच्या कवचाखाली) टपकणारं ऑइल इंजिनाचंही असू शकतं आणि गिअरबॉक्सचंही. गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. कागदावरचा थेंब पातळ, काळपट, साध्या जळक्या वासाचा. म्हणजे गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट सील यादीतून बाद.

मग गाडी जागेवर वीस मिनिटं चालू ठेवली. रेडिएटरचा पंखा लागला, बंद झाला. इंजिन कोरडं ठाक. कुठेही ओल नाही.

इथे पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. पुतण्याचं म्हणणं, गळती धुतल्याने थांबली असेल. बापूंचं म्हणणं वेगळं. बापू म्हणजे धुळ्याकडचे एक जुने मिस्तरी, कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर हात बसलेले. त्यांना मी मुद्दाम बोलावलं होतं. ते बोनेटवर वाकले, हेडच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, “ऑइल वरथीन येस, खाले दखास. गाडी पळू द्या, मंग देखू.” म्हणजे ऑइल वरून येतं, दिसतं खाली.

जागेवर चालताना न गळणारं आणि रस्त्यावर गळणारं ऑइल हीच एक खूण आहे. भार पडला की पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, जास्त वायू उतरतो. त्याला बाहेर जायला वाट नसेल तर आतला दाब वाढतो आणि जो सांधा सगळ्यात कच्चा तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. ही शंका मी तेव्हाच वहीत लिहून ठेवली.

तपास : शहाद्याची फेरी

आखाजीला दोन दिवस राहिले होते. गाडी नेऊ नये, एसटीने जावं, असं घरातल्या काहींचं म्हणणं पडलं. ते चुकीचं नव्हतं. पण हीच फेरी तपासाला हवी तशी होती : शिरपूरमार्गे, तापी ओलांडून, पुढे अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शहादा, सलग वेगात, उन्हात. गॅरेजच्या अंगणात अशी परीक्षा घेता येत नाही.

आम्ही अटी घालून गाडी सोडली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं. डिकीत एक लिटरचा डबा. शिरपूरला थांबून, इंजिन बंद करून, पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहायची. ऑइलचा लाल दिवा क्षणभर जरी लागला तरी गाडी कडेला घेऊन लगेच बंद करायची, ‘पुढच्या गावापर्यंत’ न्यायची नाही. जळका वास किंवा धूर आला तरी तेच, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर पडणारं ऑइल आगीचं कारण होऊ शकतं. निघण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आसपास ओल नाही हे पाहून घेतलं. तिथे ओल असती तर मीच गाडी जाऊ दिली नसती.

आणखी एक गोष्ट केली. ऑनलाइन मागवलेला यूव्ही डाय, पेट्रोल इंजिनच्या ऑइलमध्ये चालणारा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ऑइलमध्ये टाकला. हा रंग ऑइलबरोबर फिरतो आणि अतिनील उजेडात पिवळट हिरवा चमकतो. त्यासाठी वेगळा दिवा घ्यावा लागला नाही. आबांच्या गल्ल्यात नोटा तपासायचा निळा टॉर्च होताच.

लेक आली, सामान उतरलं, चहापाणी झालं. रात्री पोर्चचा दिवा बंद केला आणि बोनेट उघडलं.

निळ्या उजेडात काय दिसलं

सगळ्यात ठळक रेघ डिस्ट्रिब्युटरच्या बुडापासून निघाली होती. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, एका छोट्या केसमध्ये बसतो आणि कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरतो. त्याच्या बुडाशी एक ओ-रिंग असते. तिथून निघालेली हिरवी रेघ हेडच्या टोकावरून खाली, बेलहाऊसिंगच्या माथ्यावर, मग जोडाच्या फटीने वळत खालच्या ओठापर्यंत. त्या ओठावर एक थेंब, टॉर्चच्या उजेडात काजव्यासारखा. खड्ड्यातून दिसलेला थेंब तोच.

दुसरी रेघ टॅपेट कव्हरच्या त्याच टोकाच्या कोपऱ्यातून, बारीक. तिसरी जागा टायमिंग बेल्टच्या बाजूला, क्रँक पुलीमागे, म्हणजे क्रँकच्या पुढच्या सीलपाशी. तिथे रेघ नव्हती, नुसती ओलसर चमक. चेंबरचा सांधा, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, हेडला बसवलेल्या मेकॅनिकल फ्युएल पंपाचं पॅकिंग, सगळं कोरडं.

आता गिअरबॉक्सचा निकाल लावायचा होता. बेलहाऊसिंगच्या बुडाची पत्र्याची प्लेट थोड्या बोल्टवर असते. ती काढली. आत टॉर्च मारला : क्लचची करडी धूळ, कोरडी, फुंकर मारली की उडणारी. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून फ्लायव्हीलमागे जेवढा पोहोचला तेवढा फिरवला. बोळ्यावर धूळ आली, हिरवं काही चमकलं नाही. मागचं सील गळत असतं तर ही धूळ ऑइलमध्ये मळून काळा लेप झालेली असती. सात हजारांचा प्रश्न या एका बोळ्यावर सुटला.

बहुतेक ठिकाणी तपास इथे थांबतो. ओ-रिंग बदला, पॅकिंग बदला, गाडी द्या. पण ओ-रिंग, कव्हर आणि पुढचं सील एकाच हिवाळ्यात का कुरकुरावं? वय हे अर्धं उत्तर झालं. नायट्राईल रबर उष्णतेने आणि वर्षांनी कडक होतं हे खरं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या भागात उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याचे हाल जास्तच. उरलेलं अर्धं उत्तर ब्रीदरमध्ये, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर जाण्याच्या वाटेत, होतं.

ऑइल टाकायचं झाकण उघडून त्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा बसवला आणि गाडी चालू केली. ब्रीदर मोकळा असेल तर मोजा लुळा पडून राहतो, थोडा थरथरतो. आमचा मोजा फुगला, पाचही बोटं ताठ उभी राहिली. टॅपेट कव्हरपासून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदरचा पाइप काढून पाहिला. आत कॉफीच्या रंगाचा गाळ, वाळून घट्ट झालेला, सायकलची तार कशीबशी पार होईल एवढीच वाट. झाकणाच्या आतल्या बाजूलाही पिवळट साय. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी वर्षानुवर्षं साठवलेली वाफ ती हीच.

पाइप तात्पुरता साफ करून पुन्हा मोजा लावला. या वेळी तो लुळा पडला.

तरीही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासून घेतलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ब्रीदर मोकळा करूनही दाब पुन्हा चढतो, आणि मग वरचे सांधे दुरुस्त करणं वाया जातं. तिन्ही सिलिंडरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १० ते ११ किलोच्या दरम्यान आकडे आले, आपसातला फरक एक किलोच्या आत. या वयाच्या इंजिनाला एवढं पुरेसं आहे. इंजिन उघडण्याचा विषय संपला.

दुरुस्ती

काम बापूंच्या गॅरेजमध्ये झालं. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी रोटर कुठे बघतो आहे आणि बॉडी केसवर कुठे बसली आहे, या दोन्हींच्या खुणा खडूने आणि मग पंचने केल्या. गिअर तिरप्या दात्यांचा असल्याने डिस्ट्रिब्युटर वर ओढताना रोटर थोडा फिरतो. खूण नसेल तर बसवताना एक दाता चुकतो आणि गाडी उचलत नाही. तेव्हा दोष ओ-रिंगवर येतो. प्लगच्या वायरींवर नंबर चिकटवले, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-२.

जुनी ओ-रिंग बोटांत धरून वाकवली तर ती वाकली नाही, मोडली. तिचा गोल काप उरलाच नव्हता, दबून चौकोनी झाली होती. बाहेरून पाहताना ती जागेवर शाबूत दिसत होती, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. केस आणि हेडमधलं पॅकिंगही त्याच वेळी बदललं, कारण तिथपर्यंत पोहोचल्यावर ते सोडणं शहाणपणाचं नाही. केस परत बसवल्यावर आत थोडं स्वच्छ ऑइल ओतलं, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना गिअर कोरडा फिरत नाही.

ओ-रिंगबद्दल एक आग्रह. नळकामाच्या दुकानात मापाची ओ-रिंग सहज मिळते आणि दोन-पाच रुपयांत मिळते. पण ती बहुधा पाण्यासाठीच्या रबराची असते. ईपीडीएम रबर पाण्याला उत्तम, खनिज ऑइलमध्ये मात्र फुगतं आणि मऊ पडतं. ऑइलला नायट्राईल हवं, आणि उष्णतेला त्याहून टिकाऊ हवं असेल तर व्हिटॉन. ब्रीदरच्या पाइपालाही हेच लागू. रेडिएटरच्या पाइपाचा तुकडा तिथे लावू नये. धुळ्यात ऑइलला चालणारा पाइप मापात कापून मिळाला.

टॅपेट कव्हर काढल्यावर वारंवार आवळण्याचा परिणाम समोर आला. पॅकिंग एका कोपऱ्यात पिळून बाहेर आलेलं आणि तिथेच चिरलेलं. या कव्हरच्या बोल्टना फार थोडा जोर पुरतो : छोटा रॅचेट, मनगट न वापरता, आळीपाळीने समोरासमोरचे बोल्ट. गळतंय म्हणून आवळलं की पॅकिंग दबतं, दोन दिवस गळती थांबते आणि मग कायमची सुरू होते. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे केले, नवं पॅकिंग कोरडंच बसवलं, सिलिकॉनचा ठिपका फक्त जिथे वळण तीव्र आहे तिथे. जास्तीचं सिलिकॉन आतल्या बाजूलाही पिळून येतं, तुकडे सुटून चेंबरमध्ये पडतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. बाहेरून सुंदर दिसणारा जाड थर आत काय करतो ते दिसत नाही, म्हणून मला त्याची धास्ती वाटते.

शेवटी ऑइल आणि फिल्टर बदलला, पुन्हा २०डब्ल्यू-४० च टाकलं. टायमिंग लाइट लावून इग्निशन टायमिंग जुळवलं.

खर्च : पॅकिंगं, ओ-रिंग आणि पाइप मिळून सहाशेच्या आत, ऑइल-फिल्टर तेराशेच्या आसपास, मजुरी आठशे, डायचे काही शे. सगळं मिळून तीन हजारांच्या जवळपास.

निकाल

पहिल्या आठवड्यात पुठ्ठ्यावर दोन-तीन ठिपके पडले. आबांचा फोन आला. फटींत अडकलेलं जुनं ऑइल उन्हाने पातळ होऊन उतरत होतं. जोडाची फट पुन्हा पुसली, नवा पुठ्ठा टाकला आणि तो कोरडा राहिला. दुरुस्तीनंतर असा उरलेला निचरा बराच वेळा होतो, त्यावरून काम फसलं असं ठरवू नये. पुसावं, थोडी वाट पाहावी, आणि टॉर्चने पुन्हा बघावं. इथे डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी नवी रेघ नव्हती, तेवढं पुरेसं होतं.

उधारीच्या वहीच्या त्या पानावर दर पंधरवड्याच्या पाव लिटरच्या नोंदी एप्रिलपर्यंत आहेत. त्यानंतर पावसाळाभर फक्त ‘पाहिलं, ठीक’ अशा नोंदी, आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा थोडं ऑइल टाकल्याची. २७ वर्षांचं इंजिन थोडं ऑइल जाळणारच.

क्लच सेट जुनाच आहे आणि चांगला चालतो आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या डागालाच इंजिन धुऊन, टाल्कम पावडर भुरभुरून गाडी दहा-वीस किलोमीटर चालवली असती, तर बहुधा यूव्ही डायची गरजही पडली नसती. कोरड्या पृष्ठभागावर पावडर बसते आणि ऑइलची वाट तपकिरी रेघेने दाखवते. हा उपाय घरच्या घरी होतो. डाय तेव्हा कामाला येतो जेव्हा जागा अडचणीची असते किंवा एकापेक्षा जास्त गळत्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, जशा इथे होत्या.

ब्रीदर तपासणं हे यादीत सगळ्यात वर हवं. हातमोज्याची परीक्षा धुण्याच्याही आधी घेता येते, दोन मिनिटांचं काम आहे. खरं तर प्रत्येक सर्व्हिसला एअर फिल्टर काढताना तो पाइप हातात येतोच. फुंकर मारून पाहायची आणि गाळ असेल तर साफ करायचा. तसं होत असतं तर कदाचित ही ओ-रिंग आणखी दोन उन्हाळे गेली असती.

पहिल्या मिस्तरींना दोष देण्याआधी त्यांची अडचण समजून घ्यावी असं मला वाटतं. तालुक्याच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक दारात उभं असतं आणि ‘लगेच सांगा’ म्हणतं. धुणे, फिरवणे, पुन्हा पाहणे याचे पैसे द्यायला कुणी तयार नसतं, पार्ट बदलण्याचे मात्र देतात. आबांनी तपासाची मजुरी वेगळी देऊ केली तेव्हा बापूही क्षणभर गप्प झाले होते. गाडीमालकांनी हे आपणहून बोलावं : “शोधायचे पैसे वेगळे घ्या, पण आधी शोधा.”

आणि गिअरबॉक्स खरंच कधी उतरवायचा? बेलहाऊसिंगची खालची प्लेट काढल्यावर आत ओला लेप असेल, वरचा भाग आणि हेडचं टोक मात्र कोरडं असेल, तेव्हा. क्लच सुटताना गाडी थरथरत असेल किंवा चढाला क्लच घसरत असेल, तर संशय आणखी पक्का होतो. अशा वेळी टाळाटाळ करू नये, कारण ऑइल पिऊन बसलेली क्लच प्लेट साफ करून पुन्हा वापरता येत नाही. आणि उघडल्यावर मागच्या सीलबरोबर इनपुट शाफ्टचं सीलही बदलून घ्यावं.

क्रँक पुलीमागची ओलसर चमक आम्ही जाणूनबुजून तशीच सोडली. पुढचं सील बदलायला टायमिंग बेल्ट काढावा लागतो आणि बेल्ट अजून चांगला आहे. ब्रीदर मोकळा झाल्यापासून ती ओल वाढलेली नाही. ऑइल बेल्टपर्यंत पोहोचत नाही ना, एवढं पुतण्या दर महिन्याला कव्हरच्या कडेने पाहतो. बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा क्रँकचं पुढचं सील आणि कॅमचं सील एकदमच बदलायचं ठरलं आहे. दोन्ही सीलं धुळ्याहून आणून आबांनी दुकानाच्या कपाटात ठेवली आहेत.